पोटातल्या बाळाचा ‘आठवण’ फोटो: असा स्टुडिओ काढण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या तीन-चार उत्तरांतच काहींचा विचार बदलेल. बदलला तर बरंच आहे, पुढचं वाचायचा वेळ वाचेल.

हा धंदा नेमका काय आहे?

गरोदर बाई, तिचा नवरा, कधी आजी-आजोबा, कधी मोठं भावंड एका मंद उजेडाच्या खोलीत येतात. सोफ्यावर बसतात, समोर मोठा पडदा असतो. सोनोग्राफर बाईच्या पोटावर प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) फिरवतो आणि पडद्यावर बाळ जांभई देतं, अंगठा चोखतं, हाताने तोंड झाकतं. पंधरा ते तीस मिनिटांनी ते लोक काही प्रिंट, एक व्हिडिओ आणि बहुधा बाळाच्या ठोक्यांचा आवाज भरलेलं एखादं मऊ खेळणं घेऊन घरी जातात. तपासणी होत नाही, रिपोर्ट मिळत नाही, फक्त आठवण मिळते. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशी दुकानं बाजारपेठेत उघडपणे चालतात.

गोम इथेच आहे. वापरायचं यंत्र वैद्यकीय, विकायची वस्तू भावनिक. या धंद्यातल्या जवळपास सगळ्या अडचणी या एका विसंगतीतून निघतात.

भारतात असा स्टुडिओ काढता येईल का?

नाही.

‘परवानगी मिळवायला अवघड’ असं हे नाही, सरळ गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये दुरुस्त होऊन त्याला आजचं लांबलचक नाव मिळालं: गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र (लिंग निवडीस प्रतिबंध) कायदा. सगळे त्याला पीसीपीएनडीटी म्हणतात. १९९१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ९४५ मुली होत्या, २००१ मध्ये ९२७ राहिल्या. कायद्याला दात का लावावे लागले ते या दोन आकड्यांवरून कळतं.

या कायद्याखाली सोनोग्राफी केंद्राची नोंदणी लागते, मशीन चालवणारा ठरावीक पात्रतेचा डॉक्टर लागतो, आणि प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी फॉर्म एफ भरावा लागतो. त्या फॉर्मवर तपासणीचं वैद्यकीय कारण नोंदवायचं असतं. कारणांची यादी ठरलेली आहे. ‘आईबाबांना फोटो हवा होता’ हे कारण त्या यादीत नाही.

आम्ही मुलगा-मुलगी सांगणारच नाही, फक्त चेहरा दाखवू. तरीही नाही?

तरीही नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याला वाटतं की आपण पळवाट शोधली. कायदा फक्त ‘सांगण्यावर’ बंदी घालत नाही, गरोदर बाईवर हे तंत्र कशासाठी वापरायचं यावरही बंधन घालतो. शिवाय सांगणं म्हणजे तोंडाने सांगणंच असं नाही, शब्दांनी, खुणेने किंवा इतर कोणत्याही प्रकारे सांगायला मनाई आहे. अर्धा तास मोठ्या पडद्यावर बाळ दाखवताना काय दिसेल आणि काय नाही, यावर तुमचा ताबा किती राहील, याचा विचार करा.

शिक्षा पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. दंडाची रक्कम पाहून कुणी हसतं. त्यांनी पुढचं वाक्यही वाचावं: गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे आणि आपसात मिटवता येत नाही. डॉक्टरची नोंदणी जाते ती वेगळीच. फॉर्म एफ अर्धवट भरला म्हणून खटल्यात अडकलेल्या डॉक्टरांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने या तरतुदी कायम ठेवल्या. जिथे कागदातली चूक माफ होत नाही तिथे कागदच नसलेला स्टुडिओ कसा चालेल?

निदान मशीन तरी घेऊन ठेवता येईल?

नोंदणी नसलेल्या माणसाला किंवा जागेला असं मशीन विकणं, भाड्याने देणं, वापरायला देणं हाही गुन्हा आहे. हातात मावणारं, मोबाइलला जोडायचं मशीन आलं म्हणून सूट मिळत नाही.

मग हा व्यवसाय कुठे चालतो?

अमेरिकेत बहुतेक राज्यांत चालतो, पण कनेटिकटने २००९ मध्ये वैद्यकीय कारणाशिवाय गर्भाच्या सोनोग्राफीवर बंदी घातली. कॅलिफोर्नियात ग्राहकाला आधी लेखी कळवावं लागतं की हा वापर एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणारी अमेरिकी सरकारी यंत्रणा) मान्य केलेला नाही. ब्रिटनमध्ये खासगी स्कॅनची दुकानं भरपूर आहेत आणि इंग्लंडमध्ये आरोग्यसेवांची तपासणी करणारी सरकारी यंत्रणा त्यांच्याकडे येऊन बघून जाते, तिचे अहवाल कुणीही वाचू शकतं. जर्मनीत लोक याला ‘बेबी टीव्ही’ म्हणायचे. २०२१ पासून तो बंद आहे, आई खर्च करायला तयार असली तरी. कॅनडात सरकार आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना दोघेही नको म्हणतात.

यापुढची उत्तरं जिथे हा व्यवसाय कायद्यात बसतो तिथे राहणाऱ्यांसाठी आहेत, आणि मुख्यतः अमेरिका डोळ्यांसमोर ठेवून. बाकीच्यांनी शेवटच्या उत्तराकडे उडी मारली तरी चालेल.

अमेरिकेची एफडीए याविरुद्ध आहे म्हणतात. मग दुकानं उघडी कशी?

एफडीए विरुद्धच आहे. १९९४ मध्ये तिने मशीन बनवणाऱ्यांना पत्रं लिहिली, २०१४ मध्ये लोकांसाठी पुन्हा सूचना काढली की असे फोटो आणि घरगुती ठोके-यंत्रं टाळा. तिच्या हिशेबाने सोनोग्राफी मशीन हे डॉक्टरच्या चिठ्ठीवर वापरायचं उपकरण आहे आणि आठवणीच्या व्हिडिओसाठी ते विकणं, भाड्याने देणं किंवा त्याचा प्रचार करणं म्हणजे मान्यता नसलेला वापर. पण एफडीएचं नियंत्रण मुख्यतः उपकरणावर. ते उपकरण कुणी, कशा खोलीत, कुणाच्या देखरेखीखाली चालवायचं हा भाग राज्यांकडे जातो आणि बहुतेक राज्यांनी त्यावर काही लिहिलेलंच नाही. दुकानं त्या रिकाम्या जागेत उभी आहेत.

म्हणून ‘एफडीए मान्य स्टुडिओ’ असं कुणी लिहिलेलं दिसलं तर ते खोटं समजा. मशीनला मान्यता असते, या वापराला नाही.

उद्या तुमच्या राज्याने कनेटिकटसारखा कायदा केला तर? जागेचा दहा वर्षांचा करार करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. करारात कायदा बदलल्यास बाहेर पडायचं कलम घालून घ्या. वकील हसला तर दुसरा वकील बघा.

सोनोग्राफीने बाळाला इजा होते का?

प्रामाणिक उत्तर दोन वाक्यांत येतं. वैद्यकीय सोनोग्राफी अनेक दशकं वापरात आहे आणि तिच्यामुळे बाळाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण ही ऊर्जा आहे, आणि ऊर्जा शरीरात शिरली की काहीतरी करतेच.

काय करते? ऊतींना थोडं तापवते, आणि काही परिस्थितीत ऊतींमध्ये सूक्ष्म बुडबुडे तयार करू शकते. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे सतत दिसत असतात. टीआय म्हणजे तापण्याचा अंदाज: टीआय एक असेल तर प्रतिकूल परिस्थितीत तापमान साधारण एक अंश सेल्सिअसने वाढू शकतं. एमआय म्हणजे बुडबुड्यांच्या परिणामाचा अंदाज. पडद्यावरच्या गोंडस चेहऱ्याकडे सगळे बघत असतात, या आकड्यांकडे बघण्यासाठी तुम्ही पगारी माणूस ठेवलेला असतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातींमध्ये सापडत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गर्भाच्या तपासणीसाठी मशीनच्या ऊर्जेची कमाल मर्यादा ९४ मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटरवरून ७२० वर नेली गेली. बदल्यात अट अशी की मशीनने टीआय आणि एमआय दाखवावे आणि चालवणाऱ्याने ते समजून घ्यावे. म्हणजे सुरक्षेची जबाबदारी यंत्रावरून माणसाकडे सरकली. आणि ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ म्हणताना ज्या अभ्यासांचा आधार घेतला जातो, त्यातले बरेच त्याआधीच्या, कमी ताकदीच्या मशीनवरचे आहेत.

डॉक्टरांचा युक्तिवाद साधा आहे: फायदा असेल तर थोडा धोका पत्करू, फायदा शून्य असेल तर थोडाही का? अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि सोनोग्राफी तज्ज्ञांच्या संघटना याच कारणाने नुसत्या हौसेसाठी सोनोग्राफी नको म्हणतात. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही. स्टुडिओ काढणाऱ्याकडेही नसतं. तो फक्त धोका जितका कमी करता येईल तितका करू शकतो.

कमी कसा करायचा?

वेळ आणि ताकद, दोन्ही कमी ठेवून. ब्रिटनच्या सोनोग्राफी संस्थेच्या मार्गदर्शनानुसार गर्भासाठी टीआय ०.७ पर्यंत असेल तर वेळेची मर्यादा नाही, त्यावर गेला की मिनिटं मोजायची, तीनच्या वर जायचंच नाही. स्टुडिओने ०.७ ही भिंतच समजावी. दहा आठवड्यांपर्यंत मऊ ऊतींचा टीआय पाहायचा, त्यानंतर हाडांचा. अनेक मशीनवर हे हाताने बदलावं लागतं आणि लोक विसरतात.

ठोके दाखवायचे असतील तर स्पंदित डॉप्लर (ठोक्यांचा आवाज ऐकवणारी पद्धत) न लावता एम-मोडने (ठोके पडद्यावर रेषेत दाखवणारी पद्धत) मोजा. डॉप्लरमध्ये ऊर्जा एकाच जागी एकवटते. आवाज ऐकवायचा मोह फार असतो, खेळण्यात भरायला तोच हवा असतो, तो काही सेकंदांत उरका आणि पहिल्या तिमाहीत मुळीच नको. तासाभराचं ‘फॅमिली पॅकेज’ विकू नका. चित्र गोठवून त्यावर बोलत बसा, गोठलेल्या चित्राला ऊर्जा लागत नाही.

मी डॉक्टर नाही. चालेल?

मालक कुणीही असू शकतो. प्रोब धरणारा कुणीही नसावा. अमेरिकेत सोनोग्राफरना राज्याचा परवाना सक्तीचा करणारी राज्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि ब्रिटनमध्ये ‘सोनोग्राफर’ ही कायद्याने राखलेली पदवीच नाही. त्यामुळे चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन स्टुडिओ सुरू करून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्या चार दिवसांत चेहरा कसा पकडायचा ते कळतं. चेहऱ्यामागे काही चुकतंय हे ओळखायला काही वर्षं जातात, आणि त्याचं प्रशिक्षण विक्रीला नसतं.

प्रसूती सोनोग्राफीची मान्यताप्राप्त परीक्षा दिलेला, रुग्णालयात काम केलेला माणूस घ्या. तो अर्धवेळ मिळाला तर त्याच दिवशी दुकान उघडा, बाकी दिवस बंद ठेवा. वर एक देखरेख करणारा डॉक्टर करारावर असू द्या, भिंतीवरच्या फोटोपुरता नको, रात्री आठला फोन उचलणारा.

मशीन कोणतं?

जीईचं व्होल्युसन या कामात सर्रास दिसतं. सॅमसंग, फिलिप्स, माइंड्रे यांचीही चांगली आहेत. नव्याची किंमत हजारो डॉलरमध्ये, चांगल्या मॉडेलची लाख डॉलरकडेही जाते, म्हणून बरेचजण दुरुस्त केलेलं जुनं घेतात. त्यात काही वाईट नाही. फक्त पैसे मशीनपेक्षा प्रोबमध्ये जातात हे लक्षात ठेवा. थ्रीडी प्रोबच्या आत हलणारे भाग असतात, एकदा हातातून पडला की संपला. विकत घेताना सेवा करार कोण देणार, सॉफ्टवेअरचा परवाना तुमच्या नावावर होणार का, आणि हे मशीन तुम्ही कशासाठी वापरणार आहात ते विकणाऱ्याला माहीत आहे का, हे तिन्ही लेखी घ्या.

कितव्या आठवड्यात बोलवायचं?

चेहऱ्यासाठी साधारण २६ ते ३२. त्याआधी बाळाच्या अंगावर चरबी नसते, थ्रीडीत चेहरा हाडकुळा दिसतो आणि आई घाबरते. त्यानंतर जागा कमी पडते, बाळ गर्भाशयाच्या भिंतीला तोंड लावून बसतं.

चेहरा दिसलाच नाही तर पैसे परत?

हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येईल. थ्रीडी चेहरा म्हणजे पृष्ठभागाचं चित्र, त्यासाठी चेहऱ्यासमोर गर्भजलाचा थोडा कप्पा लागतो. बाळ आईच्या पाठीकडे तोंड करून असेल, वार (प्लॅसेंटा) पुढच्या भिंतीला असेल, पाणी कमी असेल, हात-पाय-नाळ तोंडावर असेल, तर जगातलं सगळ्यात महागडं मशीनही हात टेकतं. आईला थोडं चालायला लावणं, कुशीवर वळवणं, गार काहीतरी प्यायला देणं हे उपाय सगळे करतात, कधी लागू पडतात.

लागू पडले नाहीत तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी फुकट बोलवा. ‘आणखी पाच मिनिटं बघू’ म्हणत ताकद वाढवत नेणं ही या धंद्यातली सगळ्यात सोपी चूक आहे, कारण ती ग्राहकाला खूश करण्यासाठी केलेली असते.

बघताना काही वेगळं दिसलं तर?

या एका प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर स्टुडिओ काढू नका.

बाळ गोंडस आहे, आजी पडद्याचा फोटो काढतेय, आणि सोनोग्राफरला मेंदूतली पोकळी मोठी वाटते. किंवा ओठ फाटलेला दिसतो. किंवा पाणी फार कमी. तो तपासणी करत नाहीये, त्याच्या हातात रिपोर्ट लिहायचा अधिकार नाही, पण डोळे तर बंद करता येत नाहीत. तीन वाईट मार्ग आहेत आणि तिन्ही लोक वापरतात. पहिला, काहीच न बोलणं, ‘आम्ही तपासणी करत नाही’ हे सहीच्या कागदावर आहे ना. दुसरा, तिथेच निदान सांगून मोकळं होणं. तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात घातक, ‘सगळं छान आहे’ म्हणणं.

चौथा मार्ग आधीच लिहून ठेवावा लागतो. चेहरा बदलायचा नाही, खोलीतल्या बाकीच्यांना चहा-पाण्याच्या निमित्ताने बाहेर न्यायचं, आईला शांतपणे सांगायचं की मी निदान करू शकत नाही, पण मला जे दिसलं ते तुमच्या डॉक्टरांनी लवकर बघावं असं वाटतं. तिच्यासमोर, तिच्या परवानगीने, तिच्या डॉक्टरांना फोन लावायचा. म्हणूनच वेळ देतानाच तिच्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर घ्यायचा, नसेल तर वेळ द्यायची नाही. पैसे घ्यायचे नाहीत. काय दिसलं, काय सांगितलं, कुणाला फोन केला हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

आणि ठोकेच नसतील?

होतं असं. विशेषतः ज्या स्टुडिओंमध्ये आठव्या-दहाव्या आठवड्यापासून बोलवतात तिथे. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, मोठ्या पडद्यावर.

म्हणून अनुभवी सोनोग्राफर पडदा आधी चालू करत नाही. आपल्या छोट्या स्क्रीनवर ठोके बघतो, मग मोठा पडदा लावतो. पंधरा सेकंदांची ही सवय. कुणी शिकवली नाही तर सुचत नाही. ठोके दिसले नाहीत तर ‘मला नीट दिसत नाहीये, तुम्ही आत्ताच रुग्णालयात जाऊन दाखवा’ एवढंच, आणि गाडी चालवणारं सोबत कोण आहे ते बघायचं. मागच्या दाराने बाहेर जाता येईल अशी जागा निवडता आली तर निवडा. दारात फुगे घेऊन उभं असलेलं पुढचं जोडपं तिला दिसायला नको.

लोक हीच तपासणी समजून खरी तपासणी चुकवतात का?

काही चुकवतात. म्हणून विसाव्या आठवड्याच्या आसपासची सविस्तर तपासणी झाल्याचं विचारल्याशिवाय फोटोची वेळ देऊ नका. रक्तस्राव, दुखणं, बाळाची हालचाल कमी वाटणं यापैकी काहीही फोनवर ऐकलं की उत्तर एकच, आधी रुग्णालय. ‘एकदा तुमच्याकडे बघून घेतो म्हणजे जीवाला बरं’ म्हणणाऱ्या बाईला वेळ देणं हा दयाळूपणा वाटतो. तो तिचा मोलाचा वेळ खातो.

मुलगा की मुलगी सांगितलं आणि चुकलं तर?

जिथे सांगणं कायदेशीर आहे तिथेही चुकतं. बाळाने पाय जुळवलेले असतात, मध्ये नाळ येते. सोळा आठवड्यांआधी बोलवणारे जास्त चुकतात. लेखी अट ठेवा आणि शंभर टक्के खात्री देऊ नका. शिवाय या भागावर फार विसंबूही नका. २०११ पासून आईच्या रक्तातून करायची डीएनए चाचणी बाजारात आली आणि ती दहाव्या आठवड्यापासून करता येते. स्टुडिओत येईपर्यंत अनेकांना उत्तर माहीत असतं.

भारतातल्या वाचकांसाठी पुन्हा: लिंग कळेल अशा सुविधेची जाहिरात, इंटरनेटवरचीही, तुमच्याकडे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टलाही अशा जाहिरातींबद्दल फटकारलं आहे. परदेशातल्या आपल्या स्टुडिओचं मराठी पान चालवणाऱ्यांनी हे विसरू नये.

पैसे सुटतात का?

सुटतात, पण हिशेब सरळ नाही. ग्राहक एका गरोदरपणात एकदा, फार तर दोनदा येतो आणि मग तीन वर्षं येत नाही. म्हणजे दर महिन्याला नवी माणसं शोधावी लागतात, जाहिरातीचा खर्च कधीच थांबत नाही. येणारे शनिवार-रविवारी येतात, भाडं सातही दिवसांचं जातं. नुसत्या स्कॅनवर जेमतेम भागतं, कमाई प्रिंट, फ्रेम आणि खेळण्यांवर होते. त्यामुळे गणित तुम्हाला हळूहळू जास्त वेळ, जास्त भेटी, लवकरचे आठवडे यांच्याकडे ढकलतं. म्हणजे नेमकं तिकडेच, जिकडे जायला नको असं वर लिहिलं आहे. फ्रँचायझी घेणार असाल तर त्यांच्या पॅकेजची यादी याच नजरेने वाचा.

विमा?

आधी विमा, मग जागा, मग मशीन. हा क्रम उलटा करणारे फसतात. दुकानाचा साधा विमा सहज मिळतो, पण चुकीच्या सल्ल्याचा किंवा न दिलेल्या सल्ल्याचा दावा त्यात बसत नाही. व्यावसायिक जबाबदारीचा विमा देताना कंपन्या ‘वैद्यकीय कारणाशिवायची सोनोग्राफी’ हे शब्द वाचून थबकतात. ते शब्द लपवून घेतलेला विमा दावा आला की कागदाचा तुकडा ठरतो.

सहीचा कागद घेतला की आपण सुटलो ना?

नाही. ‘ही तपासणी नाही’ असं कागदावर लिहून तोंडाने ‘बघा, हृदयाचे चारही कप्पे छान दिसताहेत’ म्हटलं की कागद गेला. तुमच्या माणसाने काय बोलायचं नाही याची यादी करा आणि ती खोलीत, त्याला दिसेल अशी लावा. वजन सांगायचं नाही. ‘नॉर्मल’ हा शब्द वापरायचा नाही. तारीख पुढे-मागे वाटते असं म्हणायचं नाही. नाक कुणासारखं आहे यावर हवं तेवढं बोला.

स्वच्छतेचं काय?

कोमट जेल आईला बरं वाटतं, जंतूंनाही बरं वाटतं. मोठ्या बाटलीतून छोटी बाटली पुन्हा पुन्हा भरू नका, उघडलेल्या बाटलीवर तारीख टाका, पोटावर जखम किंवा पुरळ असेल तर एकदाच वापरायचं निर्जंतुक पाकीट घ्या. २०२१ मध्ये अमेरिकेत जंतू सापडल्यामुळे जेल परत मागवावं लागलं होतं. प्रोब प्रत्येक बाईनंतर पुसायचा, मशीन कंपनीने सांगितलेल्या द्रावणानेच; घरातलं स्पिरिट काही प्रोबच्या रबराला खातं.

फोटो आमच्या पानावर टाकू शकतो?

वेगळी लेखी परवानगी घेतली तरच, आणि स्कॅनच्या आधी घेतली तर जास्त चांगलं. प्रिंटच्या कडेला आईचं नाव आणि तारीख छापलेली असते, ती झाका. आणि महिन्याभराने तिने काढून टाकायला सांगितलं तर कारण विचारू नका.

आता एआयने पोटातल्या चेहऱ्याचा ‘खरा फोटो’ करून देतात. तो ठेवावा?

विकला जाईल खूप. पण थ्रीडी चित्रातली कातडीही मुळात रंगवलेलीच असते. ध्वनीला रंग नसतो. त्यावर आणखी एक थर चढवला की जे दिसतं ते त्या बाळाचं राहत नाही, सरासरी गोऱ्या-गुबगुबीत बाळाचं होतं. आणि फाटलेला ओठ गुळगुळीत करून दाखवला तर? द्यायचंच असेल तर मूळ प्रिंटसोबत द्या, एकटं कधीच नको.

घरी ठोके ऐकायचं यंत्र भाड्याने देणं सोपं नाही का?

सोपं आहे आणि नको. आईला स्वतःच्याच नाडीचा आवाज बाळाचा वाटतो, ती निश्चिंत होते आणि हालचाल थांबलेली असताना घरी बसून राहते. एफडीएने २०१४ च्या सूचनेत या यंत्रांचं नाव उगाच घेतलेलं नाही.

भारतातच राहते, पण गरोदरपणाच्या आठवणींचं काम करायचं आहे. काय करू?

मशीन बाजूला ठेवलं तरी काम बरंच उरतं. गरोदरपणाची फोटोग्राफी, पोटाचा प्लास्टरचा साचा, जन्मानंतर बाळाच्या हातापायांचे ठसे आणि साचे, नवजात बाळाचे फोटो, पहिल्या वर्षाचा अल्बम. वैद्यकीय कारणाने झालेल्या सोनोग्राफीची प्रिंट आईकडे असतेच. ती कागदाच्या जातीमुळे काही वर्षांत पुसट होते, उष्णतेने काळी पडते. लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून काढली तर लगेचच. तिचा चांगला स्कॅन करून, टिकाऊ कागदावर छापून, फ्रेम करून देणं हे काम अगदी कायदेशीर आहे आणि गंमत म्हणजे फार कुणी करत नाही.